पायरीवरची करंदी

११ फेब्रुवारी

पतपेढीकडून दर वर्षी डायरी मिळते आणि दर वर्षी माझी बायको चंद्रकांता तिची पानं फाडून बियांच्या पुड्या बांधायची. वांगी, दुधी, तिचा तो लाडका वाल. यंदा डायरी मार्गी लावणारं कोणी नाही, म्हणून मीच लिहायला घेतली. प्रीतम हैदराबादहून फोन करतो तेव्हा विचारतो, बाबा, दिवसभर बोलता तरी कोणाशी? मी सांगतो, मोटारीशी. ते खोटंही नाही. वालीवच्या कारखान्यात जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त केले. मोटारीला काय झालंय ते तिच्या आवाजावरून कळतं. माणसांचं तसं नाही.

आज लिहिण्यासारखं एवढंच, की बावखलातलं पाणी फार उतरलंय. घरामागचं हे गोड्या पाण्याचं तळं माझ्या पणजोबांच्याही आधीचं. त्याच्या जिवावर विहीर गोड राहते आणि विहिरीच्या जिवावर आमचा मोगरा, केळी, सोनचाफा. होळीपर्यंत चौथी पायरी पाण्याखाली असायची. यंदा आत्ताच उघडी पडलीय. ऊन वाढलं असेल.

१४ फेब्रुवारी

आगाशीला जाऊन करंदी आणली. कोळीण म्हणाली, काका, रोज एवढी बारीक कोळंबी सोलता तरी कशी? मी म्हटलं, वेळ आहे. लसूण, हिरवी मिरची, कोकम, वरून कोथिंबीर, चंद्रकांता करायची तशीच केली. वास अगदी तिच्या हातचा आला. संध्याकाळी केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेऊन पायरीवर गेलो. ती आली. हाताजवळून करंदी उचलली, थोडा वेळ तोंड पाण्याबाहेर काढून थांबली आणि गेली. घरी येऊन चहा-बिस्किट घेतलं.

ती म्हणजे बावखलातली वाम, सापासारखी लांब मासळी. कोणाला सांगितलेलं नाही, तर निदान इथे लिहितो.

गेल्या सप्टेंबरात चंद्रकांता गेली. दहाव्याला निर्मळच्या तळ्यावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. एक माडावर येऊन बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. प्रीतमने हात जोडून सांगितलं, आई, वाडी विकणार नाही. शेजारची हिल्डाबाय ख्रिस्ती, तीसुद्धा पुढे होऊन म्हणाली, चंद्री, तुझ्या मोगऱ्याला मी पाणी घालीन. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काही सुचेना. एवढा संसार केला आणि तिचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक नाही, हे चारचौघांत कसं सांगणार? शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

सुतक फिटल्यावर घरात मासे झाले. करंदी तिच्या आवडीची. मी एक पान वाढून मागच्या पायरीवर ठेवलं, तर पाण्यातून ही वर आली आणि उचलून घेऊन गेली.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी पंपवाला माणूस. पण भुकेल्याला घास द्यायला विश्वास कशाला लागतो?

२ मार्च

परवा हिल्डाबाय भाजीचं पातेलं घेऊन आली होती. गल्लीच्या पलीकडे तिचं घर, तिची भाजीची वाडी आणि तिचं बावखल. पावसाळ्यात आमचं बावखल भरलं की जादाचं पाणी गल्लीखालच्या पाइपातून तिच्याकडे जातं, तिच्याकडून पुढच्याकडे. तिचा मुलगा कुवेतला. त्यामुळे तिला लोकांच्या घरात डोकवायला वेळ मिळतो.

"तुळशीभाऊ, पँट कोनाची घातली?" म्हणाली.

माझीच होती. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंय, ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. मग म्हणाली, यंदा तिच्या बावखलात बेडूक नाही, बारके मासे दिसत नाहीत आणि पाणी रोज खाली जातंय. मी म्हटलं, ऊन. ती म्हणाली, ऊन काय बेडूक खातं?

पातेलं ओट्यावर ठेवलं आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी भाजी विटलेली होती. धुऊन परत दिलं, चांगली झाली होती म्हणून सांगितलं.

९ मार्च

देवळाच्या सभागृहात बैठक झाली. विरारच्या कॉलेजात मासे शिकवणारी रेवा नावाची बाई आली होती. प्रीतमच्याच वयाची असेल. बरणीत एक मेलेली वामीसारखी मासळी घेऊन आली होती. म्हणाली, ही इथली नाही. चिखलात बिळं करून राहते, तोंड वर काढून हवा घेते, पाणी आटलं तरी ओल्या मातीत जगते आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका बावखलातून दुसऱ्यात जाते. बेडूक, त्यांची अंडी, मासे, गांडुळं, समोर येईल ते खाते. बांध आतून पोखरते, म्हणून पाणी झिरपून जातंय. असंच चाललं तर बावखलं कोरडी पडतील आणि विहिरींत खारं पाणी शिरेल. कोरड्या बावखलात भराव टाकायला टेम्पो टपूनच असतात, हे तिने सांगायची गरज नव्हती.

ओळखायचं कसं, असं कोणीतरी विचारलं. आपल्या वामीला डोक्यामागे दोन छोटे पर असतात, हिला नसतात, असं रेवाने सांगितलं. मग म्हणाली, "एकाच्या बावखलात एक मोठी राहिली, तरी पावसाळ्यानंतर सगळ्यांकडे असेल. त्यामुळे कोणी लपवू नका."

कोणाकोणाला दिसली, म्हणून हात वर करायला सांगितले. बरेच हात वर गेले. मी केला नाही. आमच्याकडे आहे ती वाम आहे.

१० मार्च

आज मुद्दाम पर बघायला गेलो. उजेड कमी होता आणि चष्मा घरात राहिला. नीट दिसलं नाही.

१२ मार्च

चष्मा घेऊन गेलो. ती आली, पण तेवढ्यात काचांवर घाम आला.

२३ मार्च

मोहीम ठरली. मे महिन्यात पाणी सगळ्यांत खाली असतं, तेव्हा आमच्या ओळीतली सगळी बावखलं एकामागून एक उपसायची, चिखल चाळायचा, सापडेल ती मासळी मारायची आणि प्रत्येक पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बसवायची. पाऊस लागायच्या आत सगळं उरकलं पाहिजे, कारण मग बावखलं भरून एकमेकांना मिळतात. उपसायला पंप लागणार, असं म्हणताच सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. इतक्या महिन्यांत कोणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, सगळे नुसते विचारायचे, कसे आहात.

पार टोकाच्या बावखलापासून सुरुवात करू आणि माझं शेवटी घेऊ, असं मी सुचवलं. पंप शेवटी घरीच यायचा आहे, म्हणजे वाहतूक वाचते. सगळ्यांना पटलं.

निघताना रेवाने विचारलं, अलीकडे कोणी बाहेरून मत्स्यबीज आणून सोडलं होतं का? बहुतेक त्यातूनच ही आली असावी. मी म्हटलं, आठवत नाही.

आठवतं तसं. दोन वर्षांपूर्वी आगाशीच्या बाजारात टेम्पो आला होता. चंद्रकांताने रोहूची पिल्लं म्हणून पाण्याने फुगवलेल्या दोन पिशव्या आणल्या, मांडीवर सांभाळत रिक्षातून. मी चिडवलं होतं, आता काय पाटी घेऊन बाजारात बसणार? ती पायरीवर बसून पिशव्या हळूहळू पाण्यात सोडत होती, बाळाला आंघोळ घालावी तशी. ती आता नाही. नसलेल्या माणसाच्या माथी हे मी मारणार नाही.

६ एप्रिल

रेवा पंप बघायला आली होती. चहा दिला. पोरगी बोलघेवडी आहे. म्हणाली, काका, या माशाची गंमत माहीत आहे का? जन्माला येतात त्या सगळ्या माद्या. जगून वाचून मोठ्या झाल्या की त्यांचे नर होतात. आणि बिळापाशी पिल्लं राखत बसतो तोही नरच.

मी विचारलं, किती मोठी झाली की? ती म्हणाली, हातभराहून मोठी दिसली तर बहुतेक नर समजा. चहा बशीत सांडला माझा.

ती गेल्यावर मोगऱ्याला पाणी घातलं, कळ्या खुडल्या, लसूण सोलला. ही सगळी चंद्रकांताची कामं. मी करायला लागलो त्याला किती दिवस झाले? म्हणजे एकाचं दुसरं व्हायला फार काही लागत नाही. हे डोक्यात आलं तेव्हा घरात मी एकटाच मोठ्याने हसलो. फार एकटं वाटतं. लिहून टाकलं.

१९ एप्रिल

हिल्डाबायची विहीर मचूळ झाली. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं, चाखून बघ म्हणाली. जिभेला खारट लागलं. तिच्या चवळीची पानं कडेने जळलीत. तिने माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. काढायला कारणही नाही म्हणा.

जाताना स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, "तुझी शेगडी रोज पेटते, मसाल्याचा वास पार माझ्या ओटीवर येतो. मग अंगाला का लागत नाय?"

मी म्हटलं, वय झालं.

४ मे

टोकाचं बावखल उपसलं. पंप सकाळी एका दमात सुरू झाला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत नुसता चिखल उरला. बायका-पुरुष गुडघाभर चिखलात उतरले होते, कोणी घसरलं की सगळे हसत होते. कोणीतरी माझ्या हातात वडापाव दिला आणि मी उभ्या उभ्या खाल्ला. संपला तेव्हा लक्षात आलं, की भूक लागली होती.

सापडलेल्या मासळ्या पिंपात टाकत होते. मारताना मी पंपाकडे तोंड करून उभा राहिलो.

११ मे

आज हिल्डाबायचं बावखल. ती गाऊन वर खोचून सगळ्यांत आधी उतरली. मासळ्या निघाल्या, पण वाईट म्हणजे बांध. आमच्या बाजूचा बांध भोकांनी चाळण झालाय. रेवाने एका बिळात कोपरापर्यंत हात घातला, मग पाइपाच्या तोंडाशी जाऊन बघितलं आणि म्हणाली, या इकडून आल्यात.

सगळे वळून आमच्या घराकडे बघायला लागले. हिल्डाबाय चिखल काढत राहिली.

१८ मे

उद्या आमचं.

संध्याकाळी नेहमीसारखी करंदी घेऊन गेलो, सोबत जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. ती आली, नेहमीसारखीच विश्वासाने. खालून जाळी घातली आणि उचलली. केवढं बळ होतं. विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीत सोडली, चंद्रकांता कपडे धुवायची त्या. वर पत्रा झाकून विटा ठेवल्या.

उजेड भरपूर होता आणि चष्मा डोळ्यांवर होता. पर नाहीत. बघितलं. कधीपासून माहीत होतं ते आज बघितलं.

१९ मे

आमचं बावखल रिकामं झालं. तळ मी जन्मात पहिल्यांदा बघितला. तळाशी चंद्रकांताचा एक तांब्या सापडला, तो हरवला म्हणून तिने महिनाभर मला बोल लावला होता. आणि पिल्लं सापडली. प्रत्येक पायरीच्या खाली, प्रत्येक सांदीत. एवढी दुसऱ्या कुठल्याच बावखलात निघाली नव्हती. मला वाटत होतं, आमच्याकडे एकच आहे.

रेवा चिखलाने माखलेली, दमलेली. म्हणाली, "काका, पिल्लं आहेत म्हणजे मोठी असणार. ती कुठेच नाही."

मी पंप धूत होतो. म्हटलं, गेली असेल. हिल्डाबाय माझ्याकडे बघत होती, मग तिने पत्र्याकडे बघितलं आणि भांडी गोळा करून घरी गेली.

जाळ्या बसल्या. बांध लिंपायला घेतले. मोहीम संपली म्हणून पेढे वाटले, मी माझा खिशात ठेवला.

२२ मे

ती खात नाही. करंदी तळाशी पडून पांढरी होते. मी बोलतो, पाण्यात बोटं हलवतो, ती कोपऱ्यात तोंड खुपसून असते. बावखलात माझ्या पावलांच्या आवाजाने यायची असं मला वाटायचं. तिला करंदी कळत होती. मी कुठे होतो त्यात?

घरासमोरून आता कोणी जात नाही. मोहिमेच्या पंधरा दिवसांत सकाळी पंपासाठी हाका यायच्या.

२५ मे

झालं तसं लिहितो.

सकाळी टाकीतलं पाणी बदलायला पत्र्यावरच्या विटा काढून मोटार लावली. तेवढ्यात प्रीतमचा फोन आला. हैदराबादला चला, इथे काय ठेवलंय, असं नेहमीचंच. मी आत जाऊन बोलत बसलो. ज्याने जन्मभर पंप दुरुस्त केले, तो मोटार बंद करायला विसरला. बाहेर आलो तर टाकी भरून वाहत होती, पत्रा एका बाजूने उचलला गेला होता, मोगऱ्याच्या वाफ्यात सगळीकडे पाणी आणि टाकीत ती नाही.

ती दिसली ती गल्लीच्या कडेला, ओल्या गवतात. सावकाश सरपटत होती, पण वाट सोडत नव्हती. पुढे हिल्डाबायचं बावखल, नुकत्याच लिंपलेल्या बांधाचं, तळाशी झऱ्याचं वीतभर पाणी जमलेलं. पाइपाला जाळी होती. जमिनीला कुठे जाळी असते? मी तिथेच उभा राहिलो. नुसता उभा राहिलो असतो, तरी झालं असतं. कोणी बघत नव्हतं. ती तिकडे गेली असती, पुढच्या वर्षी पायरीवर परत आलीही असती.

मग मला तांब्यातल्या पाण्याची ती खारट चव आठवली.

गोणपाट ओढलं आणि तिच्यावर पडलो. अक्षरशः अंग टाकलं. ती खालून मुसंडी मारत होती, माझ्या छातीखाली. माझ्या हातचं एवढं खाल्लं होतं तिने, पण त्या क्षणी मी तिला कोणीच नव्हतो. मी ओरडलो. इतके महिने ज्या नावाने मनातल्या मनात हाक मारत होतो, ते तोंडात आलं नाही. मी ओरडलो, "हिल्डाबाय."

ती कोयता घेऊनच आली. मला उठवलं, गोणपाटावर स्वतः पाय दिला आणि कोयता माझ्या हातात दिला. म्हणाली, "तूच कर. मी केला तर तुझ्या मनात राहून जाईल."

मी केलं.

नंतर आम्ही दोघं बांधावर बसलो. मी तिला सगळं सांगायला लागलो, कावळा, करंदी, पत्रा, मत्स्यबीजाच्या पिशव्या. तिने मध्येच थांबवलं.

"ठावूक हाय," म्हणाली. "रोज संध्याकाळी माझ्या ओटीवरून दिसायचा तू. मानूस कोनाशी तरी बोलतोय, तर बोलू दे म्हटलं."

"तुझी विहीर गेली, बाय."

"विहीर येईल. पाऊस पडला की येईल." बराच वेळ ती कोयता गवताला पुसत राहिली. मग म्हणाली, "चंद्री हॉस्पिटलात मला एकच गोष्ट बोलली होती. मी गेल्यावर हा जेवनार नाय, चहा-बिस्किटावर राहील. तळ्यावर सगळी तुझ्याकडे बघत होती, तवा मला वाटला तू बोलशील, जेवीन म्हनून. तेवढाच पायजे होता तिला. तू बोलला नाय. मग मी काय बोलनार, नवरा-बायकोच्या मधे?"

मी मान खाली घालून रडलो. ती उठली नाही.

रेवाला फोन करून बोलावलं. मासळी दिली आणि मत्स्यबीज आमच्याकडूनच सुटलं होतं, हेही सांगितलं. वाटलं होतं रागावेल. तिने मासळीची लांबी मोजली, म्हणाली, नर आहे, आणि निघताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

२६ मे

दुपारी पाय आपोआप आगाशीला गेले. करंदी आणली, सोलली, केली. लसूण, मिरची, कोकम, वरून कोथिंबीर. संध्याकाळी पान घेऊन मागे गेलो आणि चौथ्या पायरीवर बसलो. समोर नुसता चिखल, मधोमध थोडं पाणी. मोठ्याने म्हटलं, जेवीन. ऐकायला कोणी नव्हतं, तरी म्हटलं.

मग पहिला घास घेतला. करंदीला मीठच नव्हतं.

पहिल्या दिवसापासूनच नसणार. चंद्रकांताचं बघून बघून मी सगळं शिकलो होतो, पण ती मीठ घालायची शेवटी, चाखून. आणि मी चाखलं कधीच नव्हतं. इतके महिने रोज तिला मी अळणी जेवू घातलं.

उठलो, घरातून मीठ आणलं, पानावरच कालवलं आणि तिथेच बसून सगळं संपवलं.